रेल्वे संग्रहालयांच्या विश्वस्तांना खुलं पत्र: स्वयंसेवकाचा वेळ फुकटचा नसतो

सन्माननीय विश्वस्त मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका ठरावीक संग्रहालयाला उद्देशून नाही. जिथे जिथे जुनी इंजिनं, डबे, सिग्नल आणि ब्रेकची उपकरणं लोकांसाठी जपून ठेवली आहेत आणि ती जपण्याचं काम सुट्टीच्या दिवशी येणारी, पगार न घेणारी माणसं करतात, तिथल्या प्रत्येक विश्वस्ताने ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. मी त्या माणसांपैकी एक. लाकडी डबे आणि सिग्नलची उपकरणं हे माझं काम. इंजिनाच्या कामाला गरज पडली तर हात लावते, पण जीव डब्यांत आहे.

मुद्दा एकच आहे, तो आधीच मांडते. तुमच्या वार्षिक हिशेबात आमच्या श्रमापुढे रक्कम नसते. पगार दिला जात नाही, तेव्हा हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच. पण तो कोरा रकाना हळूहळू निर्णयांतही शिरतो. नवं इंजिन देणगीत मिळतंय, घ्यायचं का? घेऊ, कामाला आपली माणसं आहेतच. उद्घाटन महिन्यावर आलंय, डबा रंगवून होईल का? होईल, एक-दोन रविवार जास्त बसतील. शेडचं छप्पर यंदा राहू द्या, ताडपत्र्या घालून घ्या. यातला प्रत्येक निर्णय आमच्या वेळेतून फेडला जातो, आणि तुमच्याकडच्या सगळ्या मालमत्तेत तो वेळच सर्वांत तोकडा आहे. इंजिन देणगीत मिळतं, जमीन भाड्याने मिळते, रूळ विकत मिळतात. फायरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाच्या कोळसा जळणाऱ्या पेटीत, गुडघे दुमडून बसणारा, तिचे पत्रे धरून ठेवणारा एकेक स्टे-बोल्ट हातोडीने वाजवून आवाजावरून तुटका ओळखणारा माणूस मागणी नोंदवून येत नाही. तो तयार व्हायला वर्षं लागतात.

ही संग्रहालयं मुळात उभी कशी राहिली ते आठवा. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात ट्रामवर प्रेम करणाऱ्या काही जणांनी बिडफर्ड-सॅको मार्गावरची ३१ क्रमांकाची उघडी ट्राम भंगारात जाण्याआधी विकत घेतली. त्यातून सीशोर ट्रॉली म्युझियम उभं राहिलं. ऑक्टोबर १९५० मध्ये टॉम रोल्ट आणि त्यांचे सोबती बर्मिंगहॅममध्ये सभेला जमले, आणि पुढच्या मे महिन्यात वेल्समधली टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांच्या जिवावर धावू लागली. जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. आज अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या रेल्वे संग्रहालयांत गणलं जाणारं इलिनॉय रेल्वे म्युझियम १९५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या एका गाडीपासून सुरू झालं. या लोकांना कुठल्या कंपनीने वा सरकारने बोलावलं नव्हतं. आधी माणसं आली, विश्वस्त मंडळं नंतर स्थापन झाली. हा क्रम मंडळाच्या बैठकीत आठवणीत राहावा, एवढंच म्हणते.

वेल्समध्ये बॅरी इथल्या वुडहॅम ब्रदर्सच्या भंगार यार्डाची हकिकत तुम्हाला ठाऊक असेल. ब्रिटिश रेल्वेने मोडीत काढलेली २९७ वाफेची इंजिनं यार्डाचे मालक डाय वुडहॅम यांनी घेतली. यार्डातली माणसं आधी मालडबे तोडण्यात गुंतली आणि इंजिनं मागे राहिली. १९६८ पासून लोक गट करून, वर्गणी काढून एकेक इंजिन सोडवून नेऊ लागले, आणि १९९० पर्यंत अशी २१३ इंजिनं तिथून बाहेर पडली. समुद्राच्या खाऱ्या हवेत उभं राहून पत्रे कुरतडले गेले होते, तांब्या-पितळेचे भाग कधीच गेले होते. तरीही त्यातली बरीच पुन्हा वाफेवर धावली. या चळवळीचा मला मनापासून अभिमान आहे. पण काही इंजिनं आजही सुट्या भागांच्या ढिगात दुरुस्तीची वाट पाहत पडली आहेत, आणि त्यांना सोडवून आणणारी पिढी आता थकली आहे. भंगारवाल्याकडून इंजिन सोडवायला एक वर्गणी पुरते. पुढचं काम मात्र तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं चालतं, आणि ते कोण करणार हा प्रश्न वर्गणीच्या दिवशी कुणी विचारत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी छपराची आहे. नव्या इंजिनाआधी, नव्या रंगाआधी, तिकीटघराच्या सजावटीआधी छप्पर.

लोखंड गंजतं तेव्हा नुसतं झिजत नाही, फुगतं. गंज मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. रिव्हेटने, म्हणजे तापवून ठोकलेल्या खिळ्याने, जोडलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की आत धरणारा गंज त्या पत्र्यांना एकमेकांपासून रेटतो, रिव्हेटची डोकी उडवतो. बाहेरून रंग ठीक दिसत राहतो. इंजिनाच्या पुढच्या टोकाला असलेल्या धुराच्या पेटीत काजळी आणि राख तशीच राहिली आणि तिला दमट हवा लागली, तर तिथे आम्ल तयार होऊन तळाचा पत्रा खाल्ला जातो. इंजिन बंद करून ठेवताना ती पेटी आणि राखदाणी कोरडी खरवडून ठेवावी लागते, ते याचसाठी. हे काम कुणाच्या फोटोत येत नाही.

लाकडी डब्याचं दुखणं अजून वेगळं. छतावरच्या कॅनव्हासला बारीकशी भेग पडते. पाणी छताच्या फळीखालून खांबात उतरतं आणि खांबाच्या आतल्या अंगाने सरकत खाली मुख्य तुळईवर साठतं. बाजूची फळी वरून कोरडी, तिच्यावरची सोनेरी रेघसुद्धा शाबूत. दाराच्या बिजागरीजवळ स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की तो मुठीपर्यंत आत जातो. अशा वेळी कुजलेला खांब बदलायचा म्हणजे त्याला जोडलेल्या फळ्या सोडवायच्या, जुना सांधा मोजायचा, त्याच जातीचं मुरलेलं लाकूड शोधायचं, सांधा हाताने कोरायचा. दोन माणसांचे कितीतरी आठवडे त्यात जातात. आणि मग तो डबा पुन्हा उघड्यावर उभा केला जातो, कारण शेडमधली जागा नुकत्याच आलेल्या इंजिनाला दिलेली असते. असं होताना मी पाहिलं आहे. ज्याने तो सांधा कोरला तो पुढे यायचा बंद झाला. त्याने भांडण केलं नाही, कारणही सांगितलं नाही.

ताडपत्रीने छपराचं काम होत नाही. ती ओल आत कोंडून ठेवते, वाऱ्याने फडफडते आणि कडांचा रंग घासून काढते. काही महिन्यांपुरती ती चालेल, त्यापुढे ती नुकसानच करते.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीचं ४०१४ क्रमांकाचं ‘बिग बॉय’ हे वाफेचं इंजिन अर्धं शतक उघड्यावरच उभं होतं, तरी २०१९ मध्ये ते पुन्हा धावलंच ना? धावलं. पण ते कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या कोरड्या हवेत उभं होतं, आणि तिथल्या संग्रहालयाचे स्वयंसेवक ते सांभाळत होते. पुढची दुरुस्ती रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात, पगारी माणसांकडून, कंपनीच्या पैशाने झाली. यातलं काहीही तुमच्याकडे नसेल तर त्या इंजिनाचा दाखला देऊ नका.

छप्पर घातलं म्हणजे जबाबदारी संपली असंही नाही. १७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूरेंबर्गमधल्या रेल्वे संग्रहालयाच्या इंजिन-शेडला आग लागली आणि आत ठेवलेली अनेक ऐतिहासिक इंजिनं जळाली. जर्मनीत प्रवासी गाड्या ओढण्यात यशस्वी ठरलेल्या पहिल्या इंजिनाची, ‘अ‍ॅडलर’ची, १९३५ साली बनवलेली प्रतिकृतीही त्यात सापडली, वाचलेल्या भागांतून ती पुन्हा उभारावी लागली. तेव्हा छपराच्या अंदाजपत्रकात धुराची सूचना देणारी यंत्रणा, विजेच्या तारांची तपासणी आणि तेलाच्या चिंध्या ठेवायला झाकणाचे लोखंडी डबे हेही धरा. हा खर्च बांधकामाच्या मानाने किरकोळ असतो आणि नेमका तोच शेवटच्या क्षणी कापला जातो.

आता नव्या वस्तू स्वीकारण्याबद्दल. ज्या वाहनाला छपराखाली जागा नाही ते घ्यायचं नाही, असा नियम करा. कठोर वाटेल. नाही म्हटलं तर ते भंगारात जाईल, ही भीती मलाही छळते. पण तुमच्या यार्डात कुजणारं वाहनही भंगारातच चाललेलं असतं, फक्त सावकाश आणि आमचे रविवार सोबत घेऊन. एखादी वस्तू दुसऱ्या संग्रहालयात अधिक चांगली राहणार असेल तर ती त्यांना देण्यात कमीपणा नाही. पाच अर्धवट डब्यांपेक्षा आतून-बाहेरून पुरा झालेला, लोकांना आत बसता येईल असा एक डबा मला जास्त मोलाचा वाटतो. या मतावर आमच्यातही वाद आहेत, याची मला कल्पना आहे.

दुरुस्तीचा अंदाज बांधण्याआधी वस्तू उघडून पाहू द्या. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे प्रसिद्ध वाफेचं इंजिन ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २००४ मध्ये घेतलं, २००६ मध्ये दुरुस्तीला काढलं. ते रुळांवर परतलं २०१६ मध्ये, आणि खर्च ४२ लाख पौंडांवर गेला. सुरुवातीचा अंदाज याच्या जवळपासही नव्हता. उघडत गेलं तसं काम वाढत गेलं. राष्ट्रीय संस्थेची ही गत, तर लहान संग्रहालयाने बॉयलरवरचं आवरण न काढताच तारीख जाहीर करणं हा स्वयंसेवकांवर अन्याय आहे. पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने चौकटी आखून मोजली पाहिजे, नळ्या काढून आतला भाग बघितला पाहिजे, आणि मगच तारखेचं बोलणं. तारीख आधी ठरली की घाई होते, आणि घाई झाली की रंगकाम पुढे येतं, कारण रंग लोकांना दिसतो.

रंगाबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या.

जुन्या डब्याच्या फळीवर रंगाचे कितीतरी थर असतात. एका कोपऱ्यात बोटाएवढी जागा घेऊन, बारीक पॉलिश-कागदाने पाण्यात भिजवत हलके हलके घासत गेलं की एकामागून एक वर्तुळं उघडतात: वरचा घाईचा रंग, त्याखाली मालकी बदलल्यानंतरचा, त्याखाली प्रायमर, आणि सर्वांत आत कारखान्यातला मूळ रंग, त्यावरच्या वार्निशच्या पिवळसर रेघेसकट. तिरपा प्रकाश टाकला तर पुसलेल्या अक्षरांचे उंचवटे दिसतात. ब्रिटनमध्ये जून १९५६ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचं नाव ‘दुसरा वर्ग’ झालं. असा एखादा बदल थरांत सापडला की त्या डब्याच्या आयुष्यातली एक तारीख हाती येते. हा पुरावा एकदाच वाचता येतो. उद्घाटनासाठी सगळं यंत्राने सरसकट घासून काढलं की तो गेला. शिवाय जुन्या रंगात शिसं असतं. कोरडं घासलं की ती धूळ घासणाऱ्याच्या फुफ्फुसात आणि त्याच्या कपड्यांवरून घरी जाते. आधी तपासणी, मग ओलं घासणं, योग्य मास्क, धूळ गोळा करायची सोय, असा क्रम आहे. त्याला वेळ लागतो आणि तो दिला पाहिजे.

प्रत्येक वस्तू नवीसारखी करायलाच हवी असंही नाही. स्टीफन्सनचं १८२९ चं ‘रॉकेट’ पाहा. नोकरीच्या वर्षांत बदलत गेलेलं, अनेक भाग हरवलेलं, काळपट असं ते मूळ इंजिन आहे त्या रूपात जपलं आहे. पिवळ्या रंगातलं, धावणारं ‘रॉकेट’ लोकांना दाखवता यावं म्हणून १९७९ मध्ये वेगळी प्रतिकृती बनवली गेली. मूळ वस्तूला कमी हात लावणं हाही दुरुस्तीचाच एक मार्ग आहे, आणि तो निवडायला विश्वस्तांचं बळ लागतं, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

हाती घेतलेल्या कामाची नोंद ठेवणं हा त्याच कामाचा भाग आहे. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेने प्रत्येक टप्प्याची नेमकी नोंद, रेखाटनं आणि छायाचित्रं ठेवायला सांगितलं आहे. जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या वारसा रेल्वेंसाठी २००५ मध्ये रीगा सनद आली, तिच्यामागचा विचारही त्याच परंपरेतला. प्रत्यक्षात आमच्याकडे काय असतं? कुणाच्या तरी फोनमधले फोटो आणि खिळ्यांच्या डब्यावर खडूने लिहिलेलं नाव. झडप खोलताना कुठला स्प्रिंग कुठल्या बाजूला होता, किती जाडीची चकती होती, कुठला बोल्ट मूळचा आणि कुठला आम्ही घातलेला, हे खोलणाऱ्याच्या डोक्यात असतं. तो आजारी पडला किंवा दुसरीकडे राहायला गेला की नावनिशाणी नसलेल्या भागांचं एक खोकं उरतं, आणि पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. शेडमध्ये एक कोरडी खोली द्या. जुने नकाशे सपाट ठेवता येतील असे खण, चिठ्ठ्या बांधलेल्या पिशव्या, एक संगणक, आणि आठवड्यातून काही तास नोंदी लावणारा पगारी माणूस. माझ्या मते संग्रहालयाने पगारावर नेमायची पहिली व्यक्ती हीच असावी.

इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, ते स्वाभाविक आहे. पण रेल्वे सुरक्षित कशी झाली हे इंजिन सांगत नाही. ते कोपऱ्यातल्या लाकडी पेट्या आणि लोखंडी खटके सांगतात, आणि त्यांच्याकडे तुमचा एक पैसाही वळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एक गाडी पुढे सोडण्याच्या निरोपात घोटाळा झाला होता. २५ माणसं गेली. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी टॅब्लेट यंत्र बनवलं आणि १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दोन स्थानकांवर दोन पेट्या, तारेने जोडलेल्या. दोन्हींत मिळून एका वेळी एकच गोल चकती बाहेर निघू शकते, आणि ती चकती हातात असल्याशिवाय चालकाने त्या टप्प्यात शिरायचं नाही. माणूस चुकला तरी पेटी दुसरी चकती सोडत नाही. मग १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ, सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेली गाडी चढावर अडली. गाडी दोन भागांत सोडवली गेली. त्या गाडीचा ब्रेक असा होता, की डब्यांना जोडणारी ब्रेकची नळी सुटली की डबे मोकळे. मागचे डबे उतारावरून उलटे सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर गेले. ८० च्या आसपास माणसं मेली, त्यात अनेक मुलं. त्याच वर्षी कायदा होऊन प्रवासी गाड्यांना आपोआप, सगळ्या डब्यांना एकदम लागणारा सलग ब्रेक सक्तीचा झाला, म्हणजे नळी तुटली तर ब्रेक सुटण्याऐवजी लागलाच पाहिजे.

आता तुमच्या दालनात जाऊन पाहा. ते टॅब्लेट यंत्र काचेआड आहे, तारा तुटलेल्या, पाटीवर ‘सिग्नल उपकरण’ एवढंच. ब्रेकची झडप गोदामात आहे. दोन चालू पेट्या खोलीच्या दोन टोकांना मांडा, मधे तार ओढा आणि मुलांना हाताळू द्या. एकाने चकती काढल्यावर दुसऱ्याने कितीही ओढलं तरी त्याची पेटी देत नाही, हे हाताला कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी पाहिलं आहे. सिग्नल आणि रूळ हलवणाऱ्या खटक्यांच्या चौकटीचंही तसंच: जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये पेटंट घेतलेल्या आंतरबंधनाचा गाभा हा, की गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा बरोबर लागला नसेल तर सिग्नलचा खटका हलतच नाही. हे चालू करायला बॉयलर लागत नाही, कोळसा लागत नाही. निवृत्त सिग्नल-कामगार, तांब्याच्या तारा, थोडं पितळ, विजेच्या कामाची समज आणि एक उजेडाची खोली पुरते. एवढ्याशा खर्चात रेल्वेचा इतका इतिहास बोलता होईल असं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

सुरक्षेबाबत मात्र उलट आहे, तिथे काटकसर करूच नका. १६ जून १९९५ रोजी अमेरिकेत गेटिसबर्ग इथे पर्यटकांच्या गाडीला जोडलेल्या १२७८ क्रमांकाच्या इंजिनात पाणी कमी पडलं, फायरबॉक्सचा माथ्याचा पत्रा तापून निकामी झाला आणि इंजिनावरचे तिघे भाजले. चौकशीत पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची देखभाल आणि माणसांचं प्रशिक्षण या दोन्हींतल्या उणिवा समोर आल्या. त्यानंतर तिथल्या संघीय रेल्वे प्रशासनाने वाफेच्या इंजिनांचे नियम नव्याने लिहिले. २००० पासून लागू झालेल्या त्या नियमांप्रमाणे, १,४७२ सेवा-दिवस (इंजिन वाफेवर चालवलेले दिवस) किंवा १५ वर्षं, जे आधी पुरं होईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासावा लागतो. हे आकडे इथे एवढ्यासाठी देते, की इंजिन चालू करणं म्हणजे पंधरा वर्षांनी येणाऱ्या त्या तपासणीचाही खर्च आज कबूल करणं होय. तो निधी पहिल्या फेरीच्या तिकिटापासून बाजूला टाकला पाहिजे.

बॉयलरच्या जुन्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते, ते काढणं स्वयंसेवकाचं काम नाही. परवानाधारक माणसं बोलवा, पैसे द्या, तोपर्यंत त्या इंजिनाला कुणी हात लावणार नाही असं लिहून ठेवा. ‘जरा जपून करा’ ही सूचना पुरेशी नसते. आमच्यातले उत्साही लोक नाही म्हणत नाहीत, म्हणून ते नाही तुम्हीच म्हणायला हवं.

राहिला प्रश्न हातातल्या विद्येचा. तापवून लाल केलेला रिव्हेट भट्टीतून काढणारा, तो भोकात बसवणारा, आतून डोकं दाबून धरणारा आणि बाहेरून ठोकणारा, अशा माणसांची लय जमायला वर्ष-दोन वर्षं जातात. पांढऱ्या धातूच्या बेअरिंगचं तर विचारू नका. कथील, अँटिमनी आणि तांब्याचा तो मिश्रधातू ओतल्यावर बेअरिंग धुऱ्याला निळा रंग लावून फिरवायचं, निळं जिथे उमटेल तिथे खरवडायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा खरवडायचं, सगळीकडे सारखं टेकेपर्यंत. कुठे थांबायचं ते पुस्तकात सापडत नाही. ब्रिटनमधल्या ‘टॉर्नेडो’ या वाफेच्या इंजिनाची कथा यासाठीच मला महत्त्वाची वाटते. त्या वर्गाची ४९ च्या ४९ इंजिनं भंगारात गेली होती. १९९० मध्ये लोकांनी पन्नासावं नव्याने बांधायचं ठरवलं, २००८ मध्ये ते धावलं. बॉयलर मात्र जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यात बनवून घ्यावा लागला, कारण वाफेच्या इंजिनांचं काम तिथे चालू राहिलं होतं. विद्या जिथे चालू राहते तिथेच शिल्लक राहते.

आमच्यातले जाणते लोक आता सत्तरी-ऐंशीचे आहेत. त्यांच्याबरोबर रोज एक तरुण उभा असायला हवा, आणि त्याच्या येण्या-जाण्याचा खर्च, हत्यारं, विमा तुमच्याकडून हवा. फुकट काम करायला सवड फक्त निवृत्तांना असते. तरुण, विशेषतः कमावण्याची निकड असलेले, इच्छा असूनही येऊ शकत नाहीत. वर्षाला दोन-तीन शिकाऊंना विद्यावेतन द्या. शाळकरी मुलांसाठी त्यांना झेपतील अशी, कायद्यात बसणारी कामं ठरवा. ब्रिटनमध्ये मुलांना कारखान्यांतल्या मजुरीतून वाचवणाऱ्या १९२० च्या कायद्याची अडचण वारसा रेल्वेंवर स्वयंसेवा करू पाहणाऱ्या मुलांना येऊ लागली, तेव्हा तिथल्या लोकांनी तो प्रश्न संसदेपर्यंत नेला. तुमच्याकडे अडचण वेगळी असेल. ती शोधून सोडवणं हे विश्वस्तांचं काम आहे, ते आमच्या हातून होणार नाही. आणि मुलींना विचारा. मी सुरुवातीला आले तेव्हा मला तिकीटघरात बसवण्यात आलं होतं. खांब कोरायला शिकवणारे आजोबा मला तिथून उठवून शेडमध्ये घेऊन गेले नसते, तर हे पत्र लिहायला मी नसते.

तुमच्या पुढच्या बैठकीत एखादं इंजिन, डबा किंवा देणगी स्वीकारायचा विषय असेल, तर त्याच्यासोबत एक कागद ठेवावा असं सुचवते. ही वस्तू कुठल्या छपराखाली राहील, तिची पाहणी कुणी आणि काय उघडून केली, कामाचे अंदाजे तास किती, ते कोण देणार, आणि ते देताना हाती असलेलं कुठलं काम थांबेल. तासांचा रकाना शेडमधल्या माणसाला विचारून भरा, आणि त्या विषयापुरतं त्याला बैठकीत बसवून घ्या. आम्ही आठवड्यातून कुठल्या दिवशी असतो ते तुमच्या कार्यालयात नोंदवलेलं आहे. निरोप पाठवा, आम्ही हात धुऊन येतो.

आपली नम्र,
शेडमधली एक स्वयंसेवक